लिलावांतला रंग आणि घरांतले रुपये

दिवाळी जवळ आली म्हणजे घरोघरीं चांदीचीं भांडीं फडताळांतून बाहेर येतात आणि चिंच, राख व रांगोळी यांचें काम सुरू होतें. नाण्यांच्या छंदाविषयीं याच महिन्यांत लिहिण्याचें कारणही तेंच आहे.

चांदी काळी पडते हें आपण नित्य पाहतों. हवेंत, जुन्या कागदांत, कापडांत गंधकाचा अंश असतो. त्याचा चांदीशीं संयोग होऊन नाण्यावर एक पापुद्रा बसतो. तो अत्यंत पातळ असतो तोंवर काळा दिसत नाहीं. त्याच्या पृष्ठावरून आणि खालच्या धातूवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग उमटतात. प्रथम फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा व निळा. पापुद्रा आणखी वाढला कीं पिवळा, गुलाबी व हिरवा यांची दुसरी फेरी होते, आणि अखेरीस काळिमा येतो. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

अशा रंगांचें वेड अमेरिकेंत फार. तेथें १८७८ पासून पाडलेले मॉर्गन डॉलर १,०००-१,००० च्या कापडी पिशव्यांतून सरकारी कोठारांत वर्षानुवर्षें पडून राहिले. पिशवीच्या कापडास टेकलेल्या कांहीं नाण्यांवर इंद्रधनुष्य उमटलें, क्वचित् कापडाची वीणही उमटली. असें नाणें त्याच सालच्या पांढऱ्या नाण्याहून अनेक पटींनीं महाग जातें. तीच हौस आतां आपल्याकडील लिलावांतही शिरली आहे, आणि तिनें मला एकदां चांगलेंच शहाणें केलें.

मुंबईंतील एका लिलावाच्या सूचींत पंचम जॉर्जचा १९११ सालचा रुपया होता. या रुपयाची कथा संग्राहकांस ठाऊक आहे. राजाच्या झग्यावर कोरलेला चिमुकला हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला, असंतोष माजला, आणि १९१२ सालीं सरकारास हत्तीची आकृति सुधारावी लागली. सूचींतील छायाचित्रांत हा रुपया मोराच्या मानेसारखा निळाजांभळा झळकत होता. लिलावापूर्वीं नाणीं प्रत्यक्ष पाहण्यासाठीं एक दिवस नेमलेला असतो. कचेरीच्या कामाची सबब सांगून मी त्या दिवशीं गेलों नाहीं. घरून निघतांना मनाशीं एक आंकडा ठरविला होता. परंतु समोरच्या गृहस्थाचा हात वर जाई तसा माझाही जाई. हातोडा पडला तेव्हां बोली त्या आंकड्याच्या दीडपट झाली होती. शिवाय दलाली व कर निराळे. हे जादा पैसे मीं घराच्या छपराच्या दुरुस्तीसाठीं माझ्यापाशीं ठेवलेल्या रकमेंतून दिले. ती रक्कम एकट्या माझी नव्हती. दादांना काय सांगावें, हा विचार वाटभर सोबत होता.

घरीं भिंगाखालीं पाहतों तों निळ्या रंगाखालीं घासल्याचे बारीक ओरखडे, आणि त्यांच्या खोबणींतही तोच निळा उतरलेला. पांढऱ्या धातूला निळा एकदम भिडलेला होता. मधली सोनेरी व तांबूस पायरी कोठेंच नव्हती. न झिजलेलें नाणें उजेडांत तिरपें फिरविलें असतां त्यावर चकाकीचें चक्र फिरतांना दिसतें; येथें तें मुळींच नव्हतें. नाणें आधीं घासून, मग गंधकयुक्त रसायनानें रंगविलेलें होतें.

काकू त्या वेळीं लक्ष्मीपूजनाचे रुपये काढून बसल्या होत्या. नऊपैकीं सात दरवर्षीं चिंचेनें व राखेनें घासलेले. राणीचा चेहरा गुळगुळीत, चकाकी मेलेली. दोन रुपये मात्र जुन्या कागदाच्या पुडींत विसरून राहिले होते. त्यांच्या कडेला सोनेरी वलय, आंत हलकी तांबूस छटा, आणि एका बाजूस निळसर झांक. काकूंच्या हातांत चिंचेचा कोळ तयार होता.

“काकू, एवढे दोन राहूं द्या.”

“अरे, लक्ष्मीपुढें काळे रुपये ठेवायचे का?” असें म्हणत त्यांनीं माझा रुपया उचलला, उजेडाला धरला, आणि म्हणाल्या, “याला रंग लावलाय कुणीतरी. चांदी अशी काळवंडत नाहीं.”

साठ वर्षें चांदी हाताळलेल्या बाईला जें क्षणांत दिसलें, तें मीं पैसे मोजून शिकलों.

म्हणून नवशिक्या संग्राहकांस सांगणें एवढेंच. नाणें विकत घ्या, रंग नव्हे. रंग वजा केला तरी जें घ्यावेंसें वाटेल त्यावरच बोली लावा. छायाचित्रावर विसंबूं नका. मर्यादा ठरवितांना दलाली धरा: १०,००० रुपयांची बोली शेंकडा १५ दलालीनें ११,५०० होते, आणि कर वेगळा. पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या संस्थांनीं तपासून मोहोरबंद केलेलें नाणें घेतांना वेष्टनावर घासल्याचा किंवा कृत्रिम रंगाचा शेरा आहे कीं काय, तें वाचा. परदेशीं आप्तांस भेट पाठवूं पाहणारांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनें नाणें खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेतां येत नाहीं.

आणि घरांतील नाणीं घासूं नका. काळिमा हा चांदीचाच झालेला असतो. तो काढतांना चांदीही जाते आणि राखेचे ओरखडे कायमचे राहतात. नाणें कडेनें धरावें, कोरडें ठेवावें. मऊ, चिकट प्लॅस्टिकच्या पाकिटांत मात्र ठेवूं नये. त्यानें हिरवट डाग धरतात.

दादांना मीं सगळें सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “छपर चैत्रांत करूं. पण पुढच्या वेळीं काकूंना बरोबर ने.” त्या वर्षीं लक्ष्मीपुढें ते दोन रुपये न घासतां विड्याच्या पानावर मांडले गेले. तेव्हांपासून आमच्याकडे दिवाळीला भांडीं घासतात, रुपये घासत नाहींत.