गोदीचा पाया आणि कागदावरची जोखीम

पाणबुडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खोल समुद्रातील लढाई उभी राहते. वर्तमानपत्रेही लिहितात ती तिच्या क्षेपणास्त्रांविषयी. परंतु हीच पाणबुडी दुरुस्तीसाठी जिथे महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, टेकूंवर उभी असते त्या सुक्या गोदीबद्दल कोणी फारसे बोलत नाही. माझ्या मते सरकारच्या शहाणपणाची खरी परीक्षा त्या गोदीत होते. इंग्लंडमधील डेव्हनपोर्टची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

ब्रिटनच्या अणुपाणबुड्यांची दुरुस्ती कोठे करायची, हा प्रश्न १९९३ साली निघाला. स्कॉटलंडमधील रोझाइथची गोदी आधीच ठरलेली होती व तेथे खोदकामही झाले होते. तथापि २४ जून १९९३ रोजी संरक्षणमंत्री माल्कम रिफकिंड यांनी काम डेव्हनपोर्टला दिले. कारण सांगितले ते स्वस्ताईचे. दोन प्रस्तावांतील फरक सुमारे ६ कोटी ४० लाख पौंडांचा होता. वाढलेल्या ताटावरून उठवल्यावर माणसाला जे वाटते तेच रोझाइथच्या कामगारांना वाटले असेल. पण तो वेगळा लेख होईल.

आता या गोदीत अवघड काय आहे ते पाहू. अणुभट्टी बंद केली तरी तिच्यातील इंधन लगेच थंड होत नाही. त्यातून उष्णता निघतच राहते. समुद्रात असताना ती उष्णता घ्यायला भोवती अथांग पाणी असते. गोदीतले पाणी उपसले की तो आधार जातो, मग नळांतून, पंपांतून थंडाव्याची सोय करावी लागते आणि एक बिघडली तर दुसरी तयार ठेवावी लागते. त्यात इंधन बदलायचे म्हणजे ते बाहेर काढून क्रेनने उचलायचे. सुमारे दीडशे मीटर लांबीची व्हॅनगार्ड टेकूंवरून हलता कामा नये, आणि गोदीचा दरवाजा फुटता कामा नये. हे सारे प्लिमथसारख्या भरवस्तीच्या शहरात! दहा हजार वर्षांतून एकदा येईल अशा भूकंपातही ही व्यवस्था टिकली पाहिजे, अशी तेथील अणुसुरक्षेची कसोटी. इंग्लंडात कुठले आले भूकंप, असे कोणी हसून म्हणेल. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेपर्यंत कोयनेचा प्रदेशही स्थिर खडकाचाच समजला जात होता.

१९९७ मध्ये ब्रिटिश सरकारने ही गोदी एका खासगी कंपनीला विकली आणि त्याच वेळी नव्या बांधकामाचा करारही तिच्याशी केला. खर्चवाढीची जोखीम कंपनीच्या माथी गेली, सरकार मोकळे झाले, असा समज. पण करारावर सही झाली तेव्हा आराखडे पुरते तयार नव्हते. जुन्या गोदीला नव्या कसोटीस उतरवायचे म्हणजे काय काय करावे लागेल, हे काम चालू असताना उमगत गेले. ६५ कोटी पौंडांचा अंदाज ९३ कोटी ३० लाखांवर गेला. म्हणजे नुसती वाढ २८ कोटींच्या वर. ज्या फरकासाठी रोझाइथ सोडले त्याच्या चौपटीहून अधिक. व्हॅनगार्ड २००२ च्या फेब्रुवारीत गोदीत यायची ती यायलाच हवी होती, दुसरी गोदी नव्हती आणि एवढा बोजा कंपनीला पेलणारा नव्हता. वाढीव पैशाचा मोठा भाग सरकारलाच भरावा लागला. जोखीम कागदावर तेवढी दुसऱ्याकडे गेली होती.

यावर पुष्कळांचे म्हणणे असे की, सुरक्षेच्या तपासनिसांनी अडवून धरले म्हणून खर्च वाढला. मला हे पटत नाही. माझे वडील गवंडी आहेत. पैसे कमी पडू लागले की गिऱ्हाईक पहिली काटकसर पायात करते, कारण पाया मातीखाली जातो, असे ते नेहमी सांगतात. पायाला दगड किती लागेल हे विचारण्याआधीच घराची किंमत ठरवली, तर पुढे वाढणाऱ्या बिलाचा दोष दगडावर कसा टाकावा? तपासनिसांनी खर्च निर्माण केला नाही. तो पहिल्यापासून होताच, फक्त अंदाजात लिहिला नव्हता.

आणि गोदी भक्कम झाली म्हणून काम संपत नाही. त्याच डेव्हनपोर्टमध्ये, त्याच व्हॅनगार्डच्या अणुभट्टीच्या दालनात, तुटलेल्या बोल्टांची डोकी गोंदाने चिकटवून ठेवल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. नळांवरच्या आवरणाचे ते बोल्ट. तपासणीत एक डोके गळून पडले म्हणून समजले!

आपणही हे दुरून पाहावे असे नाही. माझगाव गोदीत पाणबुड्या बांधल्या जातात. मुंबईच्या नौदल गोदीत ५ डिसेंबर २०१६ रोजी ‘बेतवा’ ही युद्धनौका सुक्या गोदीतून बाहेर काढताना कलंडली आणि दोन नौसैनिक प्राणास मुकले. तिच्यात अणुभट्टी नव्हती. उद्या आपल्याकडे अणुपाणबुड्यांसाठी गोदी मंजूर होईल तेव्हा, गुप्ततेच्या सबबीखाली सगळेच झाकून न ठेवता, संसदेपुढे किमतीच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा ठेवावा, अशी माझी मागणी आहे: सही करण्याच्या दिवशी आराखडा किती पुरा झाला होता.