विश्लेषण : आकडे तेच, मग आलेख वेगळे का बोलतात?

लोकसभेत भाजपच्या जागा २०१९ मधील ३०३ वरून २०२४ मध्ये २४० वर आल्या. मतांचा वाटा मात्र ३७.४ वरून ३६.६ टक्क्यांवर, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी घसरला. यातले नेमके काय ठळक दिसणार, हे आलेखावर ठरते.

सॉफ्टवेअर निवड करते का?

एक्सेलच्या २०१६ च्या आवृत्तीत वॉटरफॉल, ट्रीमॅप, हिस्टोग्राम असे नवे प्रकार आले. आकडे निवडले की सॉफ्टवेअर आलेखही सुचवते. पण आपल्याला काय सांगायचे आहे, हे त्याला ठाऊक नसते.

कोणता आलेख कधी?

तुलनेसाठी स्तंभालेख, काळानुसार बदलासाठी रेषालेख. वृत्तालेख दोन-तीन भागांपुरताच बरा. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी काँग्रेसला १३, भाजप आणि ठाकरे गटाला प्रत्येकी ९, शरद पवार गटाला ८, तर शिंदे गटाला ७ जागा मिळाल्या. वर्तुळात ९, ८ आणि ७ चे तुकडे जवळपास सारखेच दिसतात. स्तंभांत फरक लगेच कळतो. कारण डोळ्यांना कोनापेक्षा लांबीचा अंदाज अचूक येतो.

फसगत कुठे होते?

स्तंभालेखाचा अक्ष शून्याऐवजी ३६ पासून सुरू केला, तर भाजपच्या मतांचा २०२४ चा स्तंभ २०१९ च्या निम्म्याहूनही लहान दिसतो. नकाशात एक खासदार निवडणारा लडाख मोठा भाग व्यापतो, सहा निवडणारी मुंबई ठिपक्याएवढी उरते.

आलेख पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी पाहा : अक्ष कुठून सुरू होतो आणि मोजले काय आहे, मते की जागा?