जाहिरातीतला घोडा

तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तेथे येणारा जुना, जाणता गिऱ्हाईक घोड्याजवळ जाण्याची घाई करीत नाही. तो आधी दुरून जनावराची उभे राहण्याची ढब पाहतो, मग चालवून पाहतो, मग खूर उचलून पाहतो आणि सर्वांत शेवटी ओठ वर करून दात पाहतो. विकणारा बोलत असतो. घेणारा ऐकतो, परंतु त्यावर विसंबत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरणाऱ्या बाजाराला हा शिरस्ता उरलेला नाही. तेथे एक देखणे छायाचित्र असते, अर्ध्या मिनिटाची चित्रफीत असते, 'मारवाडी रक्ताचा, पंचकल्याणी, लहान मुलेही बसतील असा शांत' अशी दीड ओळ असते, आणि तिच्याखाली आगाऊ रक्कम कोठे पाठवावी याची सूचना.

व्यापारी जैन कुटुंबांना घोड्यांच्या जाहिरातींशी काय कर्तव्य, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु ज्या मिरवणुकीला समाजात 'वरघोडा' असेच म्हणतात, तिच्यासाठी घोडा कोणीतरी ठरवावाच लागतो. दीक्षार्थीचा वरघोडा, पर्युषणानंतर तपस्वींचा वरघोडा, प्रतिष्ठा महोत्सवाचा वरघोडा. शिवाय घरच्या लग्नातली घोडी वेगळीच. पूर्वी हे काम गावातल्या एखाद्या ठरलेल्या घोडेवाल्याकडे असे. त्याचा घोडा, त्याचा स्वभाव, त्याचा दर सर्वांना ठाऊक असे. आता समितीतील एखादा तरुण कार्यकर्ता रात्री अकरा वाजता पडद्यावर बोट फिरवतो आणि दहा मिनिटांत 'दोन घोडे, स्वारांसह' ठरवून मोकळा होतो. त्याचबरोबर गेल्या काही वर्षांत हौसेने घोडा पाळण्याची आवडही सधन घरांत वाढली आहे. गावाबाहेर शेतघर झाले की तेथे एक घोडी असावी, असे वाटू लागते.

या हौसेची किंमत किती असू शकते, हे 2022 साली पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यात दिसले. तेथील एका व्यापाऱ्याने काळा मारवाडी घोडा म्हणून जे जनावर घेतले त्याचा सौदा 22 लाख 65 हजार रुपयांना झाला होता. घरी आणून आंघोळ घातली तेव्हा काळा रंग पाण्याबरोबर वाहून गेला आणि खाली तांबूस घोडा निघाला. पोलिसांत तक्रार झाली, गुन्हा नोंदवला गेला. वर्तमानपत्रांनी ती बातमी विनोदाच्या अंगाने छापली आणि लोक हसले. त्यात हसण्यासारखे फारसे नव्हते. हा सौदा तर माणसांनी समोरासमोर बसून केलेला होता. घोडा प्रत्यक्ष उभा असताना जे घडू शकते, ते केवळ छायाचित्र समोर असताना किती सहज घडेल, याचा विचार त्या बातमीने करायला लावायला हवा होता.

रंग हा फसवणुकीचा सर्वांत ढोबळ प्रकार आहे. खरी लबाडी वयात आणि प्रकृतीत असते. घोड्याचे वय दातांवरून बऱ्यापैकी कळते. पाचव्या वर्षाच्या सुमारास समोरचे सगळे पक्के दात आलेले असतात. पुढे दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या जबड्यातील कडेच्या पटाशीच्या दातावर, हिरडीच्या बाजूने, एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. हा अंदाज असतो, जन्मपत्रिका नव्हे. तरीही 'सहा वर्षांची घोडी' म्हणून दाखवलेल्या जनावराच्या दातावर ती खाच अर्ध्यावर आलेली असेल, तर पुढचे बोलणे तेथेच थांबवावे. दात कानशीने घासून आणि त्यांवर डाग पाडून म्हातारे जनावर तरुण भासवण्याची युक्ती शेकडो वर्षे जुनी आहे. जाहिरातीतल्या छायाचित्रात मात्र घोड्याचे तोंड नेहमी मिटलेलेच असते.

प्रकृतीचे तसेच. लंगडणाऱ्या घोड्याला वेदनाशामक औषध दिले तर तो काही तास सरळ चालतो. चित्रफीत तेवढ्या वेळात निघते. बिथरणाऱ्या घोड्याला गुंगीचे औषध दिले तर तो मान खाली घालून निमूट उभा राहतो आणि जाहिरातीत त्याला 'अत्यंत शांत स्वभावाचा' म्हणता येते. त्या शांतपणावर भरवसा ठेवून आठ वर्षांच्या मुलाला पाठीवर बसवले, आणि समोर बँड वाजू लागला, की काय होईल हे सांगायला नको. म्हणून घोडा घेताना पशुवैद्य खरेदीदाराने स्वतःच्या ओळखीचा न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे. तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेण्यास विकणारा आढेवेढे घेऊ लागला तर ते आढेवेढे हेच उत्तर समजावे. रक्ततपासणीचे आणखी एक कारण आहे. घोड्यांना होणारा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होऊ शकतो. तो देशात सूचनीय रोगांत गणला जातो. बाधित जनावर बरे करण्याचा प्रयत्न न करता त्याला मरण दिले जाते. जीवदयेच्या भावनेने घरी आणलेला घोडा असा जावा, हे कोणत्याही श्रावकाला सहन होणार नाही. आणि ते टाळण्याचा उपाय केवळ एका चाचणीचा असतो.

काही जाहिरातींत घोडाच नसतो. छायाचित्र दुसऱ्याच्या पानावरून उचललेले, दर बाजाराच्या निम्म्याने कमी, आणि विकणारा बहुधा 'सैन्यात नोकरीला, बदली झाल्यामुळे तातडीने विकणे आहे' असा. गणवेशातले ओळखपत्रही तो पाठवतो. मग वाहतुकीचा खर्च, मग विम्याची रक्कम, मग वाटेतल्या तपासणी नाक्यावरचे शुल्क असे एकेक मागणे सुरू होते. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेपेक्षा थोडी लहान, म्हणून आधी दिलेले बुडू नये यासाठी माणूस पुढचेही देत जातो. विकणाऱ्याची जागा घेणाऱ्याने घेतली तरी डाव तोच. स्वतःची घोडी विकायला काढलेल्या माणसाला 'पैसे पाठवतो, हा चौकोनी संकेत तपासा आणि पिन टाका' असे सांगितले जाते. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन फक्त देण्यासाठी लागतो. हे एक वाक्य दुकानातल्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलापासून घरातल्या आजीपर्यंत सर्वांना पाठ असले पाहिजे. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. उशिराने ती फार कमी होते.

घोड्यांइतक्याच स्वारांच्या जाहिरातींकडेही पाहायला हवे. 'तीन महिन्यांत घोडेस्वार व्हा, नोकरीची हमी' अशा ओळींखाली नोंदणी शुल्क मागितले जाते. मुंबई-पुण्याच्या शर्यतीतल्या स्वाराला परवाना रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब देतो. तो कोणा वर्गचालकाच्या हाती नसतो. जैन घरांतली मुले शर्यतीकडे वळणार नाहीत, हे खरे. पण घोडेवाल्याकडे काम करणाऱ्या साईसाचा मुलगा वळतो, आणि त्याच्या बापाने व्याजाने काढलेली रक्कम अशा ठिकाणी जाते. वरघोड्याच्या व्यवहारात हा बापच प्रत्यक्ष घोड्याचा लगाम धरून चालत असतो. त्याच्याशी समितीचे बोलणे क्वचितच होते. मध्यस्थाने जाहिरातीत 'अनुभवी स्वार' लिहून ठरवलेली रक्कम घ्यावी, आणि प्रत्यक्षात ऐन वेळी मिळेल त्या पोराच्या हाती घोडा द्यावा, हा प्रकार लग्नसराईत नवा नाही.

करुणेच्या नावाने केलेली जाहिरात सर्वांत अवघड, कारण तिच्यापुढे सावध माणसाचीही सावधगिरी गळून पडते. अमेरिकेत हा धंदा कसा वाढला ते पाहण्यासारखे आहे. तेथील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 साली बंद झाले, परंतु जिवंत घोडे मेक्सिको आणि कॅनडातील कत्तलखान्यांकडे जातच राहिले. लिलावात घोडे घेऊन सीमेपलीकडे पाठवणाऱ्या दलालांना, आणि त्यांच्या भोवती जमलेल्या जाहिरातदारांना, लवकरच एक गोष्ट उमगली. घोड्याचे छायाचित्र 'शुक्रवारी ट्रक निघणार, तोवर इतके डॉलर आले तर हा वाचेल' अशा ओळीसह टाकले, की दयाळू माणसे मांसाच्या भावाहून कितीतरी अधिक रक्कम पाठवतात. त्या पैशातून दलाल पुढच्या लिलावात आणखी घोडे घेतो. एक घोडा वाचतो हे खोटे नाही. पण वाचवणाऱ्याच्या पैशाने पुढचा ट्रक भरायला मदत होते हेही खोटे नाही. आपल्याकडे पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची जी प्रथा होती, तिच्यातला दोष जाणत्या साधूंनी आणि पांजरपोळांच्या कार्यकर्त्यांनी पूर्वीच ओळखला होता: सोडणाऱ्याची ओंजळ मोठी झाली की पकडणाऱ्याचे जाळे मोठे होते. तेव्हा 'आज रात्रीपर्यंत रक्कम आली नाही तर घोडी कसायाकडे जाईल' असा संदेश गटात फिरू लागला, तर तो पुढे ढकलण्याआधी जवळच्या पांजरपोळाला विचारावे. जनावर खरोखर कोठे आहे, ते कोणाच्या ताब्यात आहे, आणि ते आले तर ठेवण्याची जागा व चारा आहे का, हे तीन प्रश्न तेथील माणूस क्षणात विचारतो. संदेश पाठवणाऱ्याकडे बहुधा त्यांची उत्तरे नसतात.

येथवर खरेदीदाराचा विचार झाला. परंतु जाहिरात लिहिणारा हातही एखाद्या व्यापाऱ्याचाच असतो, आणि त्याला उद्देशून शास्त्रकारांनी फार पूर्वी लिहून ठेवले आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' येतो. अस्सल म्हणून नक्कल देणे. काळा रंगवलेला घोडा हे त्याचे इतके चोख उदाहरण आहे की व्याख्यानात दुसरे शोधायला नको. सत्यव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' येते. खोटा लेख करणे. बनावट वंशावळीचा कागद, दुसऱ्या घोड्याची चित्रफीत, खोटे वय हे सारे त्यातच बसते, मग ते शाईने लिहिलेले असो वा बोटाने टंकलेले. अहिंसाव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण' आणि 'अन्नपाननिरोध' ही दोन नावे तर जणू भाड्याच्या घोड्याकडे पाहूनच ठेवली असावीत. श्वेतांबर परंपरेने सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे केसाळ जिवांचा व्यापार, आणि निर्लांछनकर्म, म्हणजे जनावरांना डाग देणे वा खच्ची करणे, हेही येतात. त्यामुळे 'घोडे घेऊन विकण्यात चांगला नफा आहे' असे सुचवणाऱ्या जाहिरातीपुढे श्रावकाने मुळात थांबावे की नाही, हा प्रश्न केवळ फसवणुकीचा उरत नाही. पाळण्यासाठी घोडा घेणे आणि नफ्यासाठी घोडा फिरवणे यांतले अंतर ज्याचे त्याने मोजायचे आहे.

तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. भरूचच्या तीर्थाला 'अश्वावबोध' हे नाव पडले ते मुनिसुव्रतस्वामींमुळे. यज्ञात बळी जाणार असलेल्या घोड्याला बोध देण्यासाठी ते प्रतिष्ठानपुराहून, म्हणजे पैठणहून, एका रात्रीत साठ योजने चालून तेथे पोचले, असे परंपरा सांगते. घोड्याला ऐकू येते आणि समजते, हे त्या कथेने गृहीत धरले आहे.

वरघोड्याच्या घोड्याचे तोंड म्हणूनच जवळून पाहावे. लग्नाच्या घोड्यांना अनेकदा काटेरी लगाम घातलेला आढळतो; लोखंडाच्या कडीला आतून दाते असतात आणि ओढ बसली की ते जिभेत व गालात रुततात. ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी 1965 साली झालेल्या नियमांनी अशा काटेरी साधनांना मनाई केली आहे. त्याच नियमांत जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, सलग पाच तासांपेक्षा अधिक घेऊ नये, आणि तापमान 37 अंशांवर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात घेऊ नये असेही आहे. मात्र 1960 च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एका नारळाच्या भावात. तेव्हा कायद्याच्या धाकावर विसंबून चालणार नाही, समितीने स्वतःच अट घालावी.

ती अट जाहिरातदाराला संदेशातून, लेखी घालता येते. घोड्याचे डोळे, तोंड आणि चारही खूर दिसतील असे त्याच दिवसाचे छायाचित्र मागावे, काटेरी लगाम चालणार नाही हे लिहावे, त्या दिवशी घोड्याचे दुसरे काम नाही हे लिहून घ्यावे, आणि आगाऊ रक्कम द्यायचीच तर ती घोडा प्रत्यक्ष पाहिल्यानंतर द्यावी. जो घोडेवाला खरा आहे तो याला रागावत नाही. उलट 'या, तबेल्यात येऊन पाहा' म्हणतो. समितीतल्या कोणीतरी खरोखरच जावे. सोबत त्या मुलालाही न्यावे ज्याला घोड्यावर बसायचे आहे, म्हणजे वाद्ये सुरू होण्यापूर्वीच दोघांची ओळख होईल. आणि मिरवणुकीच्या मार्गावर माणसांच्या सरबताच्या टेबलाशेजारी एक पाण्याची बादलीही ठेवावी. घोडा दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितो, उन्हात त्याहून अधिक, आणि ते मागण्यासाठी त्याच्याजवळ शब्द नसतात.