हातातला कॅमेरा आणि गावची जत्रा



ऊस, पाणी, खत आणि भाव यांवर आपल्या या अंकात नेहमी लिहिलं जातं आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे. आज मात्र जरा वेगळ्या विषयावर चार शब्द लिहावेत असं मनात आलं. विषय आहे आपल्या सर्वांच्या खिशातल्या मोबाईल फोनचा, त्यातल्या कॅमेऱ्याचा आणि आपल्या माणदेशातल्या जत्रांचा. विषय करमणुकीचा वाटेल. पण त्यात काही माणसांच्या पोटाचा आणि अब्रूचा प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून सभासदांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. फोन आला आणि जग बुडालं, अशी रड गाणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या लहानपणी फोटो काढणं म्हणजे सणासारखं असे. ज्याच्या घरी आगफा क्लिक थ्री कॅमेरा, तो गावातला मोठा माणूस. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा. तेराव्याला जागाच नाही! म्हणून आधी तोंडं धुवायची, टोप्या नीट करायच्या, मग श्वास रोखून उभं राहायचं. रोल धुऊन यायला आठ-पंधरा दिवस लागत आणि त्यातले दोन-तीन फोटो काळे निघत. गरिबाच्या घरी तेवढंही नव्हतं. आपल्यातल्या कित्येकांकडे आपल्या आजीचा एकही फोटो नाही, ही हळहळ ज्याची त्यालाच ठाऊक. आज मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या फोनमध्येही तिच्या लेकराचं पहिलं पाऊल टिपलेलं असतं. हे थोडं झालं काय?

आणि शेतकऱ्याला तर हा कॅमेरा आता औताइतकाच गरजेचा झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर आपल्या पिकाची नोंद आपणच करायची. साखर आयुक्तालयाने २०२२ साली उसाच्या नोंदीसाठीही ॲप आणलं. पूर्वी तलाठ्याची आणि चिटबॉयची वाट बघत बसणारा शेतकरी आता स्वतःचा पुरावा स्वतः तयार करतो. वीजतारेच्या ठिणगीने फड पेटला, ओढ्याच्या पाण्याने बांध फुटला, तर आधी फोटो काढावा, मग बाकीची धावपळ. काट्याच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. कागद खिशात भिजतो, फोटो भिजत नाही. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो साधा पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि बारीक अक्षरं पुसट दिसतात. कामाचा कागद पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आणि ज्या म्हाताऱ्या सभासदाकडे असला फोन नाही, त्याची पीक पाहणी दुसऱ्याच्या फोनवरूनही होऊ शकते. शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन तेवढं काम करून देणं, हाही सहकारच.

जत्रेच्या बाबतीतही फोनने काही पुण्याचं काम केलं आहे, ते मान्य केलं पाहिजे. आपला मुलूख दुष्काळी. पोटासाठी माणदेशी माणूस कुठं कुठं गेला! कोणी मुंबईच्या बाजारात माथाडी झाला, तर माण, खटाव, आटपाडी, खानापूर भागातली हजारो घरं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत पांगली. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, ‘चांगभलं’चा गजर होतो, त्या दिवशी या गलाईवाल्यांचा जीव तिकडं परगावी तळमळतो. आता गावातलं एखादं पोरगं फोन धरतं आणि शेकडो मैलांवर दुकानात बसलेली मावशी रथाला तिथूनच हात जोडते. याला कोण नाव ठेवील?

बैलगाडा शर्यतींचंही तसंच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून पुन्हा मैदानं भरू लागली. आता निकालाच्या रेषेवर कॅमेरा लावतात. पूर्वी कोणाचा बैल आधी गेला यावरून काठ्या निघायच्या; आता झेंडापंच चित्र पुन्हा लावून दाखवतो आणि वाद तिथंच मिटतो. घरबसल्या लाईव्ह बघणारेही पुष्कळ आहेत. वाकरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला यापरती करमणूक कोणती?

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण सांगण्याचा मुद्दा पुढेच आहे. जो जागेवर नाही त्याच्यासाठी फोन हा डोळा आहे. जो जागेवर हजर आहे, त्याच्या डोळ्यांवर मात्र हाच फोन झापड होऊन बसला आहे.

गजी नृत्याचंच घ्या. ढोल घुमू लागला, पांढऱ्या पोशाखातले धनगर गडी हातात रंगीत रुमाल घेऊन फेर धरू लागले, की पूर्वी बघणाऱ्यांचेही पाय हलायचे. पुढच्या रांगेत पोरं, मागं बाया, कडेला म्हातारी माणसं. आता पुढच्या रांगेतले पन्नास हात वर जातात आणि मागच्यांना गजीऐवजी पन्नास लहान लहान पडदे दिसतात. ज्यांनी हात वर धरलेत तेही गजी बघत नाहीत. चौकट नीट आली का, एवढंच बघतात. एका पोराला मी विचारलं, ‘‘अरं, खाली घे की तो, नाच बघ.’’ तर म्हणतो, ‘‘आबा, नुसतं बघून काय करायचं? स्टेटसला काय ठेवायचं मग?’’ आता याला काय बोलावं!

बरं, एवढं करून हाती काय लागतं? रात्रीचा उजेड कमी, फोनची भिंग बारीक, त्यात लांबून मोठं करून घेतलेलं चित्र. माणसाच्या जागी डाग दिसतो आणि ढोलाचा आवाज फाटतो. दुसऱ्या दिवशी ते कोणी उघडूनही बघत नाही. पुढं फोन भरला की आधी तेच पुसलं जातं. म्हणजे डोळ्यांनी बघितलं नाही ते नाहीच आणि फोनमध्ये घेतलं तेही गेलं. शर्यतीच्या रेषेवर कॅमेऱ्याला काम असतं. गजीच्या रिंगणात तेवढ्या पन्नास कॅमेऱ्यांना कसलं काम आहे?

आपल्याच जिल्ह्याशेजारी, सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ नाटक केलं. फोटो काढण्याची विद्या पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली होती, पण ती काही सांगलीच्या राजवाड्यापर्यंत पोचलेली नव्हती. त्या प्रयोगाचं एकही छायाचित्र नाही. तरी मराठी रंगभूमीचा जन्म आपण तिथूनच मोजतो. कारण बघणाऱ्यांनी तो डोळे भरून बघितला आणि पुढच्यांना सांगितला. सांगायला आधी बघावं लागतं.

आता येतो तमाशाकडे, आणि इथं गोष्ट नुसत्या करमणुकीची राहत नाही. तमाशाचा फड म्हणजे एक चालतं गाव. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू उभारणारे, आचारी, ड्रायव्हर, या सगळ्यांची चूल जत्रांच्या चार महिन्यांवर पेटते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथं जाऊन सुपारी ठरवतात. २०२० साली पाडवा आला २५ मार्चला, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. ऐन हंगामात फड जागेवर बसले. पुढच्या सालीही तीच गत झाली. त्या धक्क्यातून पुष्कळ फड उठले नाहीत. जे उठले त्यांच्यासमोर आता हा दुसरा प्रश्न आहे.

कवलापूरच्या काळू-बाळूंचं नाव आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? त्यांचा विनोद हा अर्ध्या मिनिटाचा तुकडा नव्हता. वगात प्रसंग चढत जायचा, एकाने टाकलेला शब्द दुसरा झेलायचा आणि तासभर बसलेल्या माणसाला शेवटी पोट धरून हसावं लागायचं. आज लावणीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा हजारो फोनांवर फिरतो आणि वग सुरू झाला की मंडप रिकामा होतो. तुकडा टाकणाऱ्याला वाहवा मिळते, कधी पैसेही मिळतात. जिने नाचून घाम गाळला तिचं नाव त्याखाली नसतं आणि तिच्या हातावर दमडी पडत नाही.

याहून वाईट प्रकार मी गेल्या साली एका गावच्या जत्रेत बघितला. गावाचं नाव घेत नाही, कारण असं एकच गाव आहे असं नाही. चार-पाच टोळभैरव स्टेजला खेटून खालून फोन धरून होते. नाचणारी पोर दोनदा मागं सरली, तिसऱ्यांदा थांबली. हार्मोनियमवाल्या बुजुर्गांनी हात जोडले, तरी पोरं हटेनात. शेवटी पुढचा कार्यक्रम उरकता घेतला. दोन दिवसांनी तोच तुकडा घाणेरडे शब्द जोडून आमच्या फोनवर आला. त्या पोरीलाही आई-बाप असतील, शाळेत जाणारी मुलं असतील. त्यांच्याही फोनवर तो गेला असेल. ज्या गावानं तिला सुपारी देऊन बोलावलं, तिच्या अब्रूची राखण त्या गावानं करायची नाही तर कोणी करायची?

कायदाही इथं मुका नाही. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलावंतांना आपल्या प्रयोगावर हक्क मिळाला. स्वतःच्या घरी बघण्यापुरतं चित्रण केलं तर गोष्ट वेगळी; पण परवानगीवाचून ते जगभर पसरवणं आणि त्यावर कमाई करणं म्हणजे त्या हक्कावर घाला आहे. आपल्या शेतातला ऊस कोणी न विचारता तोडून नेला तर आपण गप्प बसू का? कलावंताची कला हे त्याचं उभं पीकच आहे.

मग करावं काय? फोनवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. ते होणार नाही आणि व्हायलाही नको. आपल्या सभासदांपैकी पुष्कळजण गावोगावच्या यात्रा कमिटीत आहेत. त्यांच्यापुढे चार साध्या सूचना ठेवतो.

पहिली, चित्रीकरण कमिटीनेच नेमलेल्या एक-दोन माणसांनी करावं, तेही फडमालकाला आणि कलावंतांना विचारून. बाहेरगावच्या आपल्या माणसांना तेच पाठवावं आणि खाली फडाचं व कलावंतांचं नाव ठळक द्यावं. त्यातून दोन पैसे आले तर त्यात फडाचा वाटा ठेवावा.

दुसरी, सुरुवातीला पाच मिनिटं फोटोसाठी द्यावीत. ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा. पुढं फोन खिशात. हे माईकवरून कमिटीच्या अध्यक्षांनी स्वतः सांगावं. गावचा वडीलधारा माणूस बोलला की पोरं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरी, स्टेजच्या पुढची दहा फूट जागा मोकळी ठेवावी आणि तिथं गावची जाणती माणसं बसवावीत. ज्याने घाणेरडा तुकडा पसरवला त्याच्या घरी जाऊन तो पुसायला लावावा. ऐकलं नाही तर पोलीस ठाणं आहेच.

चौथी सूचना जिवाची. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातून कावडी चढतात, तेव्हा माणसं एकमेकांचा हात धरून साखळी करतात. म्हसवडला रथाचे दोर शेकडो हातांत असतात. अशा ठिकाणी एक हात फोनला गुंतला तर दुसऱ्या हातावर विसंबलेला माणूस पडतो. कावडीला आणि दोराला दोन्ही हात पाहिजेत.

आणि जाता जाता एक सावधगिरी. जत्रेची पत्रिका, लग्नाची पत्रिका, सरकारी योजनेची यादी म्हणून फोनवर एखादी फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. उघडून बसवलं की बँकेतले पैसे जाऊ शकतात. उसाचं बिल खात्यावर जमा होण्याच्या दिवसांत तर फारच जपावं. फसगत झालीच तर लाजत न बसता लगेच १९३० या नंबरवर फोन करावा.

असो. पिकाचा, पावतीचा, फुटलेल्या बांधाचा फोटो जरूर काढा. त्यात कसूर नको. पण ढोल वाजू लागला, ढोलकीवर थाप पडली, की कलावंताला तुमचे डोळे पाहिजेत, तुमची दाद पाहिजे आणि ठरलेली सुपारी वेळेवर पाहिजे. येत्या जत्रेआधी कमिटीच्या बैठका होतील. त्या बैठकीत हा विषय एकदा तरी निघावा, एवढंच मागणं आहे.

— एक सभासद, माण