'मिनिमम'चा मॅक्झिमम फटका

कॅम्पसमध्ये जॉब लागला की क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन सुरू होतात. घरचे म्हणतात, "ऋण काढून सण नको!" मला हे पूर्ण पटत नाही. कार्ड वाईट नाही. बिल वेळेत पूर्ण भरलं तर खरेदीवर व्याज शून्य! खरी गोम आहे ती 'मिनिमम ड्यू' या गोंडस शब्दात.

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'चक्रवाढ व्याज' हा शब्द जड जातो, पण हिशोब सोपा आहे. समजा, ४०,००० रुपये थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. म्हणजे व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. तुम्ही ५ टक्के मिनिमम, म्हणजे २,००० भरलेत, तर मुद्दल कमी झालं फक्त ३४८ रुपयांनी! वर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बिलावर हा इशारा छापावाच लागतो. पण बिल उघडून वाचतो कोण?

म्हणून ऑटो-पे लावताना 'टोटल ड्यू'च निवडा. टोटल झेपत नसेल, तर ती वस्तूच आपल्याला झेपत नाही. बस्स!