साडेचारशे वर्षे कोणाची?

गोवा मुक्तिदिनाच्या भाषणांत आमची मुले ‘साडेचारशे वर्षांची गुलामगिरी’ असे ठणकावून म्हणतात. टाळ्याही पडतात. पण पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मुलाने हे वाक्य म्हणावे का, असा प्रश्न आम्हां शिक्षकांना यंदा पडला.

तिसवाडी 1510 मध्ये गेली. डिचोली पोर्तुगीजांनी 1781 मध्ये घेतली. पेडणे तर सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांनी 1788 मध्ये त्यांना देऊन टाकले, कारण कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात त्यांना मदत हवी होती. 1961 पर्यंतचा हिशेब पाचवीतले मूलही करील. डिचोलीची 180 वर्षे, पेडण्याची 173. गुलामगिरी ती गुलामगिरीच, पण आपली देवळे जागच्या जागी का राहिली आणि मराठी घरात का टिकली, याचे बरेचसे उत्तर या आकड्यांत आहे.

आमच्या मुलांना इंग्लंडचा इतिहास बरा येतो. एलिझाबेथ राणी अविवाहित, म्हणून 1603 मध्ये गादी स्कॉटलंडच्या जेम्सकडे गेली. तिच्या काळात 1587 मध्ये वसवलेली रोआनोकची वसाहत तीन वर्षांनी ओसाड सापडली. जेम्सच्या नावाचे जेम्सटाउन 1607 मध्ये वसले ते तगले. दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनबरोबर मुंबई आंदण मिळाली, हेही मुले सांगतात. कॅथरिनला मूल झाले नाही, गादी दिराकडे गेली. मुंबई मात्र इंग्रजांकडेच राहिली. आंदण कधी परत येते का?

मग आपल्या दारची गोष्ट का येऊ नये? खेम सावंत 1803 मध्ये मुलाविना वारले, राण्यांत वारसाची भांडणे लागली, आणि 1838 मध्ये वाडीचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला. एकाच घराण्याची प्रजा, एकाच गोतातले सोयरे. अर्धे इंग्रजांच्या हुकमतीत, अर्धे पोर्तुगीजांच्या.

हळर्णचा किल्ला 1746 मध्ये जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे ‘अलोर्नाचा मार्किस’ ही पदवी मिळाली. पेडण्यातल्या एका गावाचे नाव लिस्बनच्या दरबारात मिरवले गेले, आणि आमच्या वर्गातल्या कित्येकांनी तो किल्ला पाहिलेला नाही!

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की यंदाची सहल वॉटर पार्कऐवजी हळर्णला न्यावी. बस अर्धाच दिवस लागेल. पालकांनी डबा तेवढा द्यावा.