दिवा लागल्यावर किती जाते?

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमधे एक संवाद आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतोच. एकाच्या गाडीवर पेट्रोलचा दिवा लुकलुकत असतो. दुसरा म्हणतो, अरे भर की. पहिला म्हणतो, छे, अजून साठ जाते आरामात. तेवढ्यात तिसरा येतो, त्याची ऐंशी जाते. चौथ्याच्या मित्राची तर एकदा वाईहून हिंजवडीपर्यंत आली होती म्हणे, दिवा लागल्यावर! जंगलात वाघ बघून आलेल्या लोकांचा वाघ कसा दर वेळी सांगताना आणखी दहा फूट जवळ येतो, तसंच हे.

पूर्वी मीही या संमेलनात हिरीरीने भाग घ्यायचो. माझा आकडा पन्नास होता. तो कुठून आला? गाडी घेतली त्या दिवशी शोरूममधल्या पोराने किल्ली हातात देताना सांगितलेलं, "सर, दिवा लागला तरी टेन्शन नाय, पन्नास जाते." बास. एवढाच आधार. एरवी कामावर मी एखाद्या अलर्टची मर्यादा कुणी अशी तोंडी सांगितली तर त्याला तीन मेल पाठवून लेखी मागेन. पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत तो पन्नास मी तीन वर्षं वेदवाक्यासारखा जपला. आणि वाईट म्हणजे पुढे वाटलाही.

गेल्या दिवाळीत गाडी घेऊन गावी गेलो, साताऱ्याजवळ. तिथे ताप भरला, येताना एसटीने आलो आणि गाडी तिथेच राहिली. पंधरा दिवसांनी अण्णा म्हणाले, पुण्यात काम आहेच, मी घेऊन येतो. अण्णांचं वय ५८, पण तीस वर्षं त्याच एका १०० सीसीच्या गाडीवर शाळेत गेलेले, त्यामुळे चिंता नव्हती. आईने मागे पंधरा किलो ज्वारीचं पोतं बांधून दिलं. शिरवळला चहाला थांबले तेव्हा फोन आला, "अरे, तुझ्या गाडीचा पेट्रोलचा दिवा लागलाय मगाशी. भरू का?" मी मीटिंगमधे होतो. म्युट करून म्हणालो, "अण्णा, दिवा लागल्यावर पन्नास जाते. बिनधास्त या, इथे आल्यावर भरू."

कात्रजच्या नव्या बोगद्याआधीच्या चढावर गाडी बंद पडली. शिरवळपासून धरलं तर तीस-पस्तीस किलोमीटर.

तो चढ ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ट्रक खालच्या गिअरमधे रडत चढत असतात आणि त्यांना ओलांडायला गाड्या उजवीकडून सुसाट येतात. गाडीने पहिला आचका दिला तेव्हा अण्णा मधल्या लेनमधे होते. आणि त्यांनी काय केलं असेल? डावा हात हँडलवरून काढून टाकीच्या खाली नेला. कॉक फिरवायला! तीस वर्षांची सवय. गाडी आचके द्यायला लागली की न बघता, न थांबता, चालत्या गाडीवर हात खाली घालायचा, कॉक रिझर्व्हला फिरवायचा, दोन सेकंदात इंजिन परत धरतं आणि आपण पुढे. तिथे कॉक नव्हता. हात नुसता चाचपडत राहिला, गाडी मेली, मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला आणि जेमतेम बाजूने काढला. बाकी काही झालं नाही. पण फोनवर त्यांचा आवाज वेगळा होता, आणि पहिलं वाक्य होतं, "कॉक कुठंय रं याचा?"

आता जरा तांत्रिक बोलतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

जुन्या गाडीत रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टाकीच्या तळाला जो कॉक असतो, त्याला आत दोन तोंडं. एक नळी उभी, वर आलेली. दुसरं तोंड तळाशी. कॉक 'ऑन'वर असला की पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी त्या नळीच्या खाली गेली की पुरवठा बंद, गाडी आचके देते. कॉक फिरवला की खालचं तोंड उघडतं आणि उरलेलं पेट्रोल मिळतं. किती उरलंय हे कोण ठरवतं? त्या नळीची उंची. ती काही रोज बदलत नाही. अंदाज नाही, सेन्सर नाही, नुसतं लोखंड आणि गुरुत्वाकर्षण. शिवाय इशारा असा की दुर्लक्ष करताच येणार नाही, गाडीच थांबायला लागते! आणि तरीही पुढचा रस्ता शिल्लक असतो. इतका चोख इंटरफेस मी तरी नंतर कुठल्या सॉफ्टवेअरमधे पाहिलेला नाही. (त्यातही वेंधळे होतेच. कॉक रिझर्व्हलाच विसरून फिरायचे आणि मग गाडी ढकलायचे. मी स्वतः बारावीत हा पराक्रम केलाय.)

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि जवळपास सगळ्या गाड्या कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. धूर कमी झाला, थंडीत चोकची कटकट गेली, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण इंजेक्शनला पेट्रोल साधारण तीन बार दाबाने लागतं, त्यासाठी टाकीच्या आतच विजेवर चालणारा पंप बसवतात. नुसत्या उतारावर पेट्रोल वाहायचं दिवस संपले, मग कॉकही गेला. त्याच्या जागी आला दिवा. टाकीत एक तरंगता गोळा, त्याला दांडी, दांडीच्या टोकाला रेझिस्टन्स बदलणारी पट्टी. गोळा अमुक इतका खाली गेला की दिवा.

आता मोटरसायकलची टाकी ही काही पाण्याच्या पिंपासारखी सरळ नसते. ती फ्रेमवर खोगिरासारखी बसते, मधे खोबण आणि दोन्ही बाजूंना पोटं. शेवटचं पेट्रोल या पोटांत विभागलं जातं. पंप एका ठिकाणी, गोळा एका ठिकाणी, पेट्रोल वळणावर, चढावर, ब्रेक मारल्यावर भलतीकडे. साइड स्टँडवर लावलेली गाडी डावीकडे झुकते आणि काटा वेगळंच सांगतो. जुने लोक गाडी बंद पडली की ती आडवी करून परत उभी करायचे ना, ते याचसाठी. पलीकडच्या पोटातलं पेट्रोल कॉकच्या बाजूला यावं म्हणून.

त्या दिवशी मी आणि माझा रूममेट त्याच्या २०१२च्या गाडीवरून गेलो, शिंदेवाडीला वळसा घालून परत चढावर आलो. बाटलीत पेट्रोल द्यायला पंपवाले नकार देतात, आणि बरोबरच करतात. मग काय केलं? त्याच्या गाडीचा कार्ब्युरेटरला जाणारा पाइप काढला, कॉक फिरवला, लिटरची बाटली भरली. हो, कॉकच! अण्णा कठड्याला टेकून बघत होते. काही बोलले नाहीत. न बोलता ते फार बोलतात.

एक लिटर घालून गाडी सहा-सात किलोमीटरवरच्या पंपावर नेली आणि टाकी फुल केली. १०.६ लिटर बसलं. आधीचं एक लिटर मिळवा, वाटेत जळलेलं दोनशे मिली वजा करा, झाले ११.४. पुस्तिकेत टाकी १२ लिटरची. म्हणजे गाडी 'रिकामी' होऊन बंद पडली तेव्हा आत ०.६ लिटर पेट्रोल होतं! पंपाला न पोचणारं.

मग मला झपाटलं. पुढचे चार महिने एकच उद्योग. दिवा लागला की लगेच पहिल्या पंपावर जायचं, गाडी मेन स्टँडवर घ्यायची, नोझल पहिल्यांदा बंद होईपर्यंतच भरायचं, आकडा फोनमधे टिपायचा. सात वेळा केलं. कधी ९.६ लिटर बसलं, कधी १०.३. म्हणजे दिवा लागला तेव्हा टाकीत कधी २.४ उरलेलं, कधी १.७. त्यातून न पोचणारं ०.६ काढा. वापरण्याजोगं उरतं १.१ ते १.८. एकट्याने पन्नास-पंचावन्नच्या वेगात माझी गाडी ४८चं ॲव्हरेज देते. हायवेला ऐंशीने, मागे ओझं घेऊन, ३३. आता गुणाकार करा. वाईटात वाईट ३६ किलोमीटर, चांगल्यात चांगलं ८६.

तर पार्किंगमधला साठवाला खोटं बोलत नाही, ऐंशीवालाही नाही. माझा पन्नासही खरा होता, कधीतरी, कुठल्यातरी सपाट रस्त्यावर. अण्णा नेमके ३६च्या टोकाला होते, ज्वारीसकट. (वाईवाला मात्र नक्की थापाडा आहे.)

आता माझं भांडण. हे आकडे मला गाडी ढकलून आणि चार महिने पंपावरच्या पोरांचे वैतागलेले चेहरे बघून का शोधावे लागले? कंपनीच्या माणसाने तो गोळा, ती दांडी, तो पंप डिझाइन केलाय. दिवा किती लिटरला लागतो आणि पंपाला शेवटचं किती मिळत नाही, हे त्याच्या ड्रॉइंगमधे असणारच. काही कंपन्या पुस्तिकेत दिवा लागतानाचे लिटर देतात, त्यांना नमस्कार. माझ्या पुस्तिकेत एकच वाक्य आहे, लवकरात लवकर पेट्रोल भरा. लवकर म्हणजे किती लवकर? शिरवळला, खेड शिवापूरला की वारज्याला? सर्व्हिस सेंटरला विचारलं. उत्तर, "सर, चाळीस-पन्नास जाते." मेल केला. उत्तर, जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.

यावर ठरलेला युक्तिवाद असा की, किती जाईल हे चालवणाऱ्यावर अवलंबून, कंपनी कसं सांगणार? मान्य. म्हणूनच मी किलोमीटर मागतच नाहीये. लिटर सांगा. किलोमीटर माझ्या हातात आहेत, लिटर तुमच्या. दिवा लागला की 'किमान एवढं वापरण्याजोगं पेट्रोल आहे', कमीत कमीचा आकडा, सरासरीचा नव्हे, टाकीच्या झाकणाखाली एका स्टिकरवर. टायरमधे हवा किती भरायची याचं स्टिकर लावताच की. जाहिरातीत मात्र ॲव्हरेजचा आकडा दिमाखात येतो, एआरएआयच्या टेस्टमधला. आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच ती संस्था आहे. त्या टेस्टमधे ज्वारीचं पोतं नसतं.

दुसरा युक्तिवाद, आकडा सांगितला तर लोक शेवटच्या थेंबापर्यंत ताणतील. अहो, आत्ता काय करतायत? शोरूममधल्या पोराच्या पन्नासवर ताणतायतच. आणि ताणण्याचं नुकसान जुन्या गाडीपेक्षा आता जास्त आहे. तो पंप पेट्रोलमधे बुडलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. रोज तळाशी चालवली की तो हवा ओढतो, तापतो, आणि गेला की काही हजारांचा फटका. शिवाय पेट्रोलमधे आता २० टक्के इथेनॉल. २०२१ च्या सरकारी आराखड्यातच दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असं लिहिलंय. जुने आकडे त्यामुळेही शिळे झालेत.

महागड्या गाड्यांवर 'अजून इतके किलोमीटर' असा आकडा दिसतो, तो बघून हुरळू नका. तो मागच्या काही किलोमीटरच्या ॲव्हरेजवर काढलेला असतो. घाट उतरून आलात की फुगतो, आणि ऐन शेवटाला बऱ्याच गाड्या तिथे नुसत्या रेघा दाखवतात. त्यातल्या त्यात यामाहा आणि केटीएमच्या काही गाड्यांत एक बरी सोय आहे. इशारा लागला की वेगळा ट्रिपमीटर आपोआप शून्यापासून सुरू होतो. किती उरलंय ते नाही, पण निदान किती झालं ते तरी कळतं. आमच्याकडे तेही अण्णांनी शिरवळच्या चहाच्या टपरीवरून पाठांतर करून ठेवायचं.

सध्या मी टाकीच्या झाकणाजवळ पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने '३०' लिहिलंय. दिवा लागल्यापासून तीस, त्याच्या आत पंप. पार्किंगमधली पोरं हसतात. गेल्या रविवारी अण्णा आले होते, त्यांनी ती पट्टी वाचली, वाकून टाकीच्या खाली डाव्या बाजूला एकदा हात फिरवला आणि विचारलं, "नंतर बसवता येत न्हाई का रं, कॉक?"